कंपनी बदलल्यावर नेट सारखं जातंय? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

जुनी कंपनी सोडून नवं फायबर घेतलं, पहिले काही दिवस छान चाललं आणि मग नेट येऊ-जाऊ लागलं. पुण्यात आमच्या सोसायटीत ही तक्रार इतक्या घरांतून ऐकली आहे की एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं असतं: राउटर बंद करून चालू करा. नेट परत येतं, तक्रार बंद होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाचा त्रास हाच असतो की माणूस तपासायला येतो तेव्हा सगळं सुरळीत चालू असतं. त्यामुळे पुरावा घरच्यांनीच गोळा करावा लागतो, आणि तो नेट गेलेलं असतानाच मिळतो.

म्हणून पहिला नियम: नेट गेलं की लगेच राउटर रिस्टार्ट करू नका. रिस्टार्ट केला की दिवे बदलतात, बऱ्याच डब्यांमधल्या नोंदी पुसल्या जातात आणि बिघाड कुठे होता ते कायमचं झाकलं जातं. दोन मिनिटं थांबा आणि बघा.

दिवे काय सांगतात

भिंतीवर लावलेल्या ज्या डब्यात फायबरची तार येते त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक घरी त्यालाच राउटर किंवा मोडेम म्हटलं जातं, कारण वाय-फायही त्यातूनच येतं. त्यावरच्या दिव्यांचा मोबाईलने फोटो काढा. फोटोवर वेळ आपोआप नोंदली जाते, ती पुढे तक्रारीत उपयोगी पडते.

एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाही किंवा फारच क्षीण पोचतो आहे. या वेळी घरातली कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. तार कुठे दुमडली आहे का एवढं बघा आणि सरळ तक्रार नोंदवा. पॉन नावाचा हिरवा दिवा स्थिर न होता लुकलुकत राहिला, तर कंपनीच्या यंत्राशी ओएनटीची ओळख पटत नाहीये. प्रकाश कमी असला तरी असं होतं आणि कंपनीच्या बाजूला तुमच्या डब्याची नोंदणी नीट झाली नसली तरीही होतं. कंपनी बदलल्याच्या पहिल्या आठवड्यात दुसरं कारण बरंच संभवतं. पॉन स्थिर हिरवा आहे पण इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा लाल आहे, तर तार चांगली आहे आणि घोळ लॉगिनचा, म्हणजे कंपनीच्या यूजरनेम-पासवर्डने होणाऱ्या जोडणीचा आहे. सगळे दिवे नेहमीसारखे असूनही नेट नसेल, तर दोष एक तर घरातल्या वाय-फायचा किंवा नव्या डब्याला जोडलेल्या जुन्या राउटरचा आहे, नाही तर कंपनीच्या पुढच्या जाळ्यात आहे.

यानंतर ओएनटीचं पान उघडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की बहुतेक ठिकाणी ते उघडतं. पत्ता, यूजरनेम आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या चिकटपट्टीवर असतात. तिथे डबा किती वेळ सलग चालू आहे हे लिहिलेलं असतं, आणि इंटरनेटची जोडणी किती वेळ टिकली आहे तेही वेगळं दिसतं. मला विचाराल तर अख्ख्या तपासणीत हे दोन आकडे सगळ्यात मोलाचे. डबाच दहा मिनिटांपूर्वी चालू झालेला दिसत असेल आणि घरात कुणी त्याला हात लावला नसेल, तर तो आपोआप बंद पडून चालू होतो आहे. म्हणजे अ‍ॅडाप्टर, प्लग किंवा विजेचा प्रश्न. डबा कित्येक दिवस चालू आहे आणि जोडणी मात्र दहा मिनिटांची आहे, तर वीज ठीक आहे आणि तुटली ती लाइन किंवा लॉगिन.

अ‍ॅडाप्टरचं सांगतोच. कंपनी बदलताना जुन्या डब्याचा अ‍ॅडाप्टर प्लगमध्ये तसाच राहतो आणि पिन बसते म्हणून नव्या डब्याला तोच लावला जातो. डब्याला १२ व्होल्ट १.५ अँपिअर लागत असेल आणि अ‍ॅडाप्टर १२ व्होल्ट ०.५ अँपिअरचा असेल, तर डबा चालू होतो, दिवेही लागतात. संध्याकाळी घरातले सगळे फोन आणि टीव्ही जोडले गेले की वीज अपुरी पडते आणि तो बसतो. दोन्हीवरचे आकडे जुळवून बघायला एक मिनिटही लागत नाही.

तीन ठिकाणी पिंग

लॅपटॉप लॅन केबलने थेट ओएनटीला जोडा, म्हणजे वाय-फायचा प्रश्न बाजूला पडतो. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते बघणं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ते (ping) चालवता येतं, आणि शेवटी ‘-टी’ (-t) जोडलं की ते थांबवेपर्यंत चालू राहतं. तीन खिडक्या उघडा. पहिल्यात राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, दुसऱ्यात कंपनीचा सगळ्यात जवळचा पत्ता, तिसऱ्यात बाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता १.१.१.१. दुसरा पत्ता शोधायला नेट चालू असताना ट्रेसर्ट (tracert) १.१.१.१ ही कमांड चालवायची, ती वाटेतले पत्ते दाखवते. तिच्या यादीत तुमच्या राउटरनंतर जो पहिला पत्ता दिसतो तो घ्यायचा. काही कंपन्यांची यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत, तेव्हा त्याच्या पुढचा पत्ता घ्या.

नेट गेलं की तिन्ही खिडक्यांकडे बघा. तिन्ही थांबल्या तर घरातला डबा किंवा केबल. पहिली चालू आणि उरलेल्या दोन बंद, तर तुमच्यापासून कंपनीपर्यंतची लाइन किंवा लॉगिन. पहिल्या दोन चालू आणि तिसरी बंद, तर कंपनीच्या पुढच्या जाळ्यात गडबड आहे आणि बहुधा शेजारच्या इमारतींतही नेट गेलेलं असेल. तिन्ही चालू असून वेबसाइट उघडत नसेल तर दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा.

डीएनएसचा हा दोष कंपनी बदलणाऱ्यांनाच जास्त छळतो. कधी काळी कुणीतरी लॅपटॉपमध्ये किंवा स्वतःच्या राउटरमध्ये जुन्या कंपनीचे डीएनएस पत्ते हाताने भरून ठेवलेले असतात. कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर सहसा आपल्या ग्राहकांनाच उत्तर देतात, त्यामुळे नव्या लाइनवरून विचारलं की गप्प बसतात. मग एका लॅपटॉपवर काहीच उघडत नाही आणि फोनवर सगळं उघडतं, किंवा दर पानाला आधी बराच वेळ लागतो. ते पत्ते काढून आपोआप घेण्याची सेटिंग करा, नाही तर १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा.

किती वाजता जातं, कशाबरोबर जातं

एका कागदावर वेळा लिहायला लागा. आठवड्याभरात ठरावीक क्रम दिसू लागतो. रोज साधारण एकाच वेळी जात असेल तर लॉगिनचं सत्र ठरावीक तासांनी संपतंय आणि पुन्हा जोडलं जात नाहीये. पावसात जात असेल तर गच्चीवरच्या किंवा खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी. भर दुपारी जात असेल आणि डबा बंद कपाटात किंवा उन्हाच्या भिंतीवर असेल तर तो तापतो आहे. रात्री आठ ते अकरा नुसतं मंद होत असेल, दिवे ठीक असतील आणि पिंगचे आकडे चढत असतील, तर ती गर्दी आहे. त्यावर घरात काही उपाय नाही, तक्रारही वेगळ्या शब्दांत करावी लागते.

पण कारण ठरवायची घाई करू नये. आमच्या इमारतीत एका काकूंकडे पाऊस आला की नेट जायचं. जॉइंट दोनदा बदलून झाला, फरक शून्य. शेवटी लक्षात आलं की फायबरची तार बाल्कनीच्या सरकत्या खिडकीच्या खोबणीतून आत घेतली आहे. पाऊस आला की काकू खिडकी लावून घ्यायच्या आणि काच तारेवर दाबली जायची. खिडकी उघडी असताना ओएनटीच्या पानावर प्रकाशाचा आकडा उणे २० च्या आसपास, खिडकी लावली की उणे २८ च्या खाली (आकडा जितका खाली तितका प्रकाश कमी, त्याबद्दल पुढे). फायबरवाल्याने चौकटीला छोटं भोक पाडून तार तिथून घेतली आणि प्रश्न संपला.

प्रकाशाचा आकडा

ओएनटीच्या पानावर पॉन किंवा ऑप्टिकल नावाच्या भागात आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो, हा आकडा असतो. तो डीबीएम या एककात आणि उणे असतो. आपल्याकडे घरोघरी जे जीपॉन फायबर येतं, त्यातल्या नेहमीच्या बी प्लस वर्गाच्या ओएनटीला उणे ८ पासून उणे २७ पर्यंतचा प्रकाश चालतो. आकडा ३ ने खाली गेला की प्रकाश निम्मा झाला असं समजायचं.

हा प्रकाश वाटेत कुठे जातो हे कळलं की फायबरवाल्याशी बोलणं सोपं होतं. कंपनीच्या यंत्रातून निघालेली एक तार स्प्लिटरमधून अनेक घरांत वाटली जाते. ३२ घरांत वाटली तर तिथेच साधारण १७ डीबी जातात. नुसत्या काचेच्या तारेत एका किलोमीटरला अर्धा डीबीही जात नाही. हे सगळं धरून चांगल्या जोडणीत आकडा उणे १७ ते उणे २३ च्या दरम्यान यायला हवा. तुमचा आकडा उणे २५ च्या खाली असेल तर वाटेत जॉइंट, दुमड किंवा कनेक्टर प्रकाश खातो आहे. आज चाललंय म्हणून सोडून देऊ नका. उणे २६.५ वर चालणारं कनेक्शन जरा ओल आली, तार जरा हलली की पडणारच. जोडणीच्या दिवशीच हा आकडा लिहून ठेवा आणि नंतर नेट गेलं की त्याच्याशी ताडून बघा.

नव्या कंपनीचं काम पुष्कळदा आधीचाच स्थानिक केबलवाला करतो आणि वर्षानुवर्षं गच्चीवर ऊन-पाऊस खाल्लेली जुनीच तार नव्या डब्याला जोडून देतो. यात त्याचा वेळ वाचतो आणि पुढचा सगळा त्रास तुमच्या वाट्याला येतो. नवी तार मागा. ती शक्य नसेल तर निदान जुने जॉइंट काढून फ्यूजन मशीनने (तारेची टोकं वितळवून जोडणाऱ्या यंत्राने) नवे मारायला सांगा. हाताने बसवायचे फास्ट कनेक्टर चटकन लागतात, पण पुढे ढिले पडू शकतात. आणखी एक बघा: हिरव्या टोपीचा कनेक्टर टोकाला ८ अंशांत तिरका कापलेला असतो, निळ्याचा तिरका नसतो. हिरवा निळ्या खोबणीत घातला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण टोकं नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

कनेक्टर काढून स्वतः बोटाने किंवा रुमालाने पुसू नका. त्याला वेगळं साधन लागतं, ते फायबरवाल्याकडे असतं. आणि तारेच्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. घरात लहान मुलं असतील तर उघडं टोक लोंबकळत ठेवू नका.

वीज गेली की नेटही जातं का?

पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असली की ही परीक्षा आयतीच होते. ओएनटी इन्व्हर्टरवर किंवा १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर आहे, तरी इमारतीची वीज गेल्यावर नेट जातं का? खऱ्या जीपॉनमध्ये कंपनीच्या यंत्रापासून तुमच्या घरापर्यंत विजेवर चालणारं काहीच नसतं. स्प्लिटर नुसती काच असते. त्यामुळे सोसायटीची वीज गेली म्हणून नेट जायला नको. जात असेल तर इमारतीत कुठेतरी, बहुतेक जिन्यात, गच्चीवर किंवा मीटरच्या खोलीत, विजेवरचा स्विच आहे. फायबर तिथपर्यंत आणि पुढे घरापर्यंत साधी लॅन केबल. फायबर म्हणून विकलेली बरीच कनेक्शनं अशीच असतात. घरात आलेली तार पाहिली तरी कळतं: फायबर बारीक आणि टोकाला चौकोनी कनेक्टर, लॅन केबल जाड आणि टोकाला फोनसारखी पण मोठी पिन.

अशा इमारतीत घरी यूपीएस घेऊन पैसे घालवू नका. आधी त्या स्विचला बॅकअप द्यायला ऑपरेटरला सांगा. तीन-चार घरांनी मिळून सांगितलं तर तो लवकर ऐकतो. एक चांगली बाजू अशी की लिफ्टची मोटर सुरू होताना किंवा वीज जनरेटरवर जाताना तो स्विच झटका खाऊन रिस्टार्ट होत असेल, तर यूपीएस लागल्यावर तेही थांबतं.

जुना राउटर नव्या डब्यामागे

बहुतेक लोक आधीचा चांगला राउटर टाकून देत नाहीत, आणि देऊही नये. पण तो नव्या ओएनटीला तसाच जोडला तर दोघंही आपण मुख्य असल्यासारखे वागतात. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर कधी चालतं, कधी नाही. लॅनच्या पोर्टला लॅनचं पोर्ट जोडलं असेल आणि दोन्हीवर डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते देणारी सोय) चालू असेल, तर एका फोनला बरोबर पत्ता मिळतो, दुसऱ्याला चुकीचा. ‘बाबांच्या फोनवर चालतंय, माझ्यावर नाही’ अशी तक्रार आली की आधी इकडे बघावं. जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वाय-फाय देईल. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि दोन्हीकडे लॅनच्या पोर्टमध्येच केबल लावा.

दुसरा घोळ पीपीपीओई नावाच्या लॉगिन पद्धतीचा. कंपनीने दिलेला यूजरनेम-पासवर्ड ओएनटीतही भरलेला आणि तुमच्या राउटरमध्येही भरलेला असेल, तर एक जोडला की दुसरा तुटतो, दुसरा जोडला की पहिला. एका खात्यावर सहसा एकच सत्र चालतं. लॉगिन एकाच डब्यात ठेवा. स्वतःच्या राउटरने लॉगिन करायचं असेल तर ओएनटी ब्रिज मोडवर (स्वतः लॉगिन न करता नुसती जोडणी पुढे देणारा) टाकून द्यायला कंपनीला सांगा. काही ऑपरेटर लॉगिन एकाच डब्याच्या मॅक पत्त्याला (त्या यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधतात, त्यामुळे राउटर बदलला की त्यांना फोन करून जुना मॅक पत्ता काढून घ्यावा लागतो. आणि नेट चालू असूनही ऑफिसचं व्हीपीएन किंवा ठरावीक साइट अर्धवट अडकत असेल तर राउटरमध्ये एमटीयू (एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा) १४९२ आहे का बघा. पीपीपीओई दर पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० चालत नाही.

घरचे कॅमेरे बाहेरून दिसेनासे झाले असतील तर राउटरच्या पानावरचा वॅनचा, म्हणजे कंपनीकडून मिळालेला, पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर नव्या कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. यात बिघाड काही नाही, पण पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट घरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचायची सोय, चालणार नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा असा कायमचा बाहेरचा पत्ता) विकत घ्या किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड अ‍ॅप वापरा.

वाय-फायबद्दल थोडक्यात: नवा डबा बहुतेक दाराजवळ बसवतात, कारण तार तिथून आत येते. जुना हॉलच्या मध्ये होता, म्हणून आतल्या खोलीत रेंज मिळायची. त्याला नेट गेलं म्हणू नका. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यापैकी मोकळा ठेवा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या, आणि डबा लोखंडी कपाटामागे ठेवू नका.

तक्रार अशी लिहा

‘नेट सारखं जातंय’ असं लिहिलं की रिस्टार्टचाच सल्ला येतो. असं लिहा: ‘गेल्या आठवड्यात या या वेळी नेट गेलं. प्रत्येक वेळी एलओएस लाल. जोडणीच्या दिवशी आरएक्स पॉवर उणे २१, आता उणे २६.८. डबा रिस्टार्ट झालेला नाही. लॅन केबलवर तपासलं आहे. पॉवर मीटर आणि फ्यूजन मशीन घेऊन माणूस पाठवा.’ सोबत फोटो जोडा. असं वाचल्यावर समोरच्याला कुठला माणूस पाठवायचा ते कळतं.

तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर केबलवाल्याला कळवलं म्हणजे तक्रार नोंदवली असं होत नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. अपिलाला पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. अपिलाने भागलं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि अजून कंपनी बदलायची असेल त्यांच्यासाठी: सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं पॅक स्वस्त पडतं म्हणून आधीच भरू नका. पहिला महिना एकाच महिन्याचं घ्या, आणि तेवढे दिवस जुनं कनेक्शन चालू ठेवा. घरून काम करणाऱ्यांनी दुसरं कनेक्शन ठेवायचं ठरवलं तर दोन्ही फायबर घेऊ नयेत, कारण दोन्ही तारा बऱ्याचदा एकाच खांबावरून येतात आणि खोदकामात एकदमच तुटतात. दुसरं मोबाईलच्या जाळ्यावरचं ठेवा, चार्ज केलेला हॉटस्पॉटसुद्धा चालेल. जुनं बंद कराल तेव्हा डबा आणि अ‍ॅडाप्टर परत केल्याची पोच, त्यावर सीरियल नंबर लिहून, घ्या. डिपॉझिट मागताना तीच लागते.